न शिकवल्यानं कोण वाचलं?

वयात येणाऱ्या मुलामुलींना गर्भनिरोधनाबद्दल सांगू नये, सांगितलं की ती तेच करून बघतील, हा युक्तिवाद महाराष्ट्रात इतक्या वेळा आणि इतक्या निर्धास्तपणे केला जातो की त्यालाही पुरावा लागतो याचा आपल्याला विसर पडला आहे. केंद्र सरकारचा मनुष्यबळ विकास विभाग आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी २००५च्या सुमारास शाळांसाठी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आणला. २००७ साली आमदारांच्या विरोधानंतर महाराष्ट्रानं तो थांबवला, आणि गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक अशा इतर राज्यांनीही तेच केलं. २००९ साली वेंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीनं या विरोधाला संसदेची भाषा दिली. हा विरोध करणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असं मी मानत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला दिवस गेले तर तिची शाळा, तिची तब्येत आणि तिचं गावातलं नाव, सगळंच पणाला लागतं, हे आईबापांना कुणी सांगावं लागत नाही. भीती खरी आहे. पण ‘शिकवलं की बिघडतात’ हे विधान भीतीचं नाही, कार्यकारणाचं आहे. ते मोजून तपासता येतं, आणि अनेक ठिकाणी ते मोजून तपासलं गेलेलं आहे.

योगायोग असा की ज्या २००७ साली आपण हा विषय शाळेबाहेर काढला, त्याच वर्षी याच प्रश्नाची तीन उत्तरं छापून आली. पहिलं अमेरिकेतलं. तिथे ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढंच सांगणाऱ्या आणि गर्भनिरोधकांचं नाव न घेणाऱ्या कार्यक्रमांवर सरकार वर्षानुवर्षं पैसा ओतत होतं. त्यांचा उपयोग किती होतो हे पाहण्यासाठी संसदेच्याच आदेशानं मॅथेमॅटिका या संस्थेनं दोन हजारांहून अधिक मुलांचा चार ते सहा वर्षं माग ठेवला. ज्यांना हा उपदेश मिळाला आणि ज्यांना मिळाला नाही, त्या दोन गटांत काहीच फरक आढळला नाही. दोन्हीकडे जवळपास निम्मी मुलं संबंधांपासून लांब राहिली, आणि ज्यांनी संबंध ठेवले त्यांचं पहिल्या वेळचं सरासरी वयही दोन्ही गटांत सारखंच, १४.९ वर्षं. दुसरं उत्तर जॉन सँटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाचं. १९९५ ते २००२ या काळात अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या मुलींमधली गर्भधारणा बरीच खाली आली. ती कशामुळे, याची त्यांनी फोड केली. घटीचा ८६ टक्के वाटा गर्भनिरोधकांच्या वाढलेल्या आणि सुधारलेल्या वापराचा निघाला, संबंध कमी झाल्याचा वाटा उरलेला १४ टक्के. तिसरं उत्तर आपल्या घरातलं आहे आणि ते सगळ्यांत जास्त दुखवणारं आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेली पाहणी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तीत निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराला तोंड द्यावं लागल्याचं सांगितलं. म्हणजे ज्या वर्षी आपण मुलांच्या तोंडून अवयवांची नावंसुद्धा काढून घेतली, त्याच वर्षी ती नावं घेता येणं किती गरजेचं आहे हे सरकारी कागदावर आलेलं होतं.

या विषयात दोन वेगळ्या गोष्टी आपण एकमेकींत मिसळतो, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. किशोरवयीन मुलं संबंध ठेवतात की नाही, ही एक गोष्ट. ठेवलेच तर स्वतःला सांभाळतात की नाही, ही दुसरी. या दोन रेघा एकमेकींचा हात धरून चालत नाहीत. अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांमध्ये दर दोन वर्षांनी होणाऱ्या पाहणीनुसार १९९१ साली ५४ टक्के मुलामुलींनी कधी ना कधी संबंध ठेवलेले होते, २०२१ साली ३० टक्क्यांनी. या तीस वर्षांत तिथे कंडोम दुकानाच्या फळीवर उघड मांडलेला होता, गोळ्या, इंजेक्शनं, तांबी सगळं पूर्वीपेक्षा सहज मिळू लागलं होतं, आणि तरीही संबंध ठेवणाऱ्या मुलांचं प्रमाण घटलं. याच काळात १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागचे जन्म ६१.८ वरून १४च्या खाली आले. ‘साधन हाताशी असलं की मुलं सुटतात’ हे खरं असतं तर दोन्ही आकडे वर जायला हवे होते.

पण हे सांगून थांबलो तर मी माझ्या सोयीचं तेवढंच दाखवल्यासारखं होईल. त्याच अमेरिकी पाहणीत, संबंध ठेवणाऱ्या मुलांमधला कंडोमचा वापर २००३ मधल्या ६३ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ५२ टक्क्यांवर घसरला आहे. युरोप, मध्य आशिया आणि कॅनडा मिळून ४२ देशांचा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४चा अहवाल हेच सांगतो. २०१४ ते २०२२ या काळात संबंध ठेवलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये शेवटच्या वेळी कंडोम वापरल्याचं प्रमाण ७० वरून ६१ टक्क्यांवर आलं, मुलींमध्ये ६३ वरून ५७ वर. विरोधक हे आकडे दाखवून म्हणतील, बघा, शिकवूनही हेच. अहवाल मात्र उलट दिशेला बोट दाखवतो. अनेक देशांत लैंगिक शिक्षण अपुरं आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्यावर हल्ले वाढले आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. इंग्लंडनं १९९९ साली शाळेतलं शिक्षण आणि तरुणांना न बिचकता जाता येईल अशी आरोग्य केंद्रं या दोन पायांवर दहा वर्षांची मोहीम उभारली. १८ वर्षांखालच्या मुलींमधला गर्भधारणेचा दर १९९८ साली हजारी ४६च्या वर होता, तो वीस वर्षांत ६० टक्क्यांहून अधिक उतरला. संरक्षणाची रेघ आपोआप वर जात नाही. ती शिकवल्यानं, साधनं हातात पोचल्यानं आणि कुणी तरी चिकाटीनं पाठ धरल्यानं वर जाते, आणि पाठ सोडली की खाली येते.

‘हे सगळं तिकडचं, आपल्या मुलांचं काय?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आपल्याकडे वळू. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांचा पहिला शरीरसंबंध अठरा पूर्ण व्हायच्या आत झाला होता. ही पिढी आजच्या किशोरवयीन मुलींच्या आयांची, मावश्यांची, आत्यांची आहे. त्यांच्या हातात मोबाइल नव्हता, शाळेत कुणी लैंगिक शिक्षण दिलं नव्हतं, घरात या विषयावर चकार शब्द निघत नव्हता. त्यांचा तो संबंध बहुतांशी लग्नातून आला, चारचौघांच्या साक्षीनं, अक्षता पडल्यानंतर. भारतात किशोरवयातला लैंगिक संबंध हा मुख्यतः बालविवाहाचा इतिहास आहे. आणि तो आटतो आहे, ही या सगळ्यातली सर्वांत चांगली बातमी आहे. २० ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ४७ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते २३ टक्क्यांवर आलं. १५ ते १९ वयात आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुली १६ टक्के होत्या, त्या ६.८ टक्के झाल्या. ‘आजची पिढी बिघडली, आमच्या वेळी असं नव्हतं’ असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे शांतपणे वाचावेत. त्यांच्या वेळी हे दुपटीहून जास्त होतं. फक्त त्याला लग्न म्हणत, म्हणून ते कुणाला दिसत नव्हतं.

महाराष्ट्राला स्वतःची पाठ थोपटण्याची सवय आहे, पण इथे तशी संधी नाही. बालविवाहात आपण देशाच्या सरासरीच्या आसपास आहोत, सुमारे २२ टक्के; आणि १५ ते १९ वयातल्या मातृत्वात तर ७.६ टक्क्यांसह सरासरीच्याही पुढे आहोत. परभणीत बालविवाहाचं प्रमाण ४८ टक्क्यांच्या घरात आणि बीडमध्ये ४३ टक्क्यांच्या वर या पाहणीत नोंदलं गेलं. बीडचं एक कारण ऊसतोडीत दडलेलं आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मुलगा अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी. मागे गावात राहिलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला सांभाळणार कोण, ही चिंता आईबापांना असतेच. तिचं लग्न लावलं की चिंता मिटते आणि एक कोयता उभा राहतो. फडावर, पाचटाच्या कोपीत, या मुलीचा संसार सुरू होतो. तिला पाळी कळते, कारण ती येते. गर्भ कसा राहतो, तो कसा टाळता येतो, पहिलं मूल दोन-तीन वर्षं लांबवता येतं, हे तिला सांगणारं शाळेत कुणी नव्हतं, कारण ते सांगितलं तर ती बिघडली असती. आता तिचं लग्न झालं आहे आणि तिला ते सांगण्याचं काम कुणाचंच नाही.

यावर ‘विवाहितांसाठी कुटुंबनियोजन आहेच की’ असं उत्तर येतं. ते अर्धं खरं आहे. आशा सेविकेच्या पिशवीत निरोध असतो, माला-एन असते, छायाच्या गोळ्या असतात, तातडीची गोळीही असते. घरपोच देण्याच्या योजनेत तीन निरोधांचं पाकीट एक रुपयाला, महिन्याच्या गोळ्यांची पट्टी एक रुपयाला आणि तातडीची गोळी दोन रुपयांना द्यायची असते. पैशाची अडचण म्हणावी तर ती इथे नाहीच. पण ही पिशवी ज्या नोंदवहीच्या आधारानं घरोघर फिरते तिचं नावच पात्र जोडप्यांची नोंदवही. अठराच्या आतलं लग्न हा गुन्हा, त्यामुळे घरचे वय वाढवून सांगतात किंवा पोरीला पुढे येऊ देत नाहीत. आणि कारखान्याच्या फडावर गेलेलं कुटुंब सहा महिने त्या गावच्या आशाच्या हातात सापडतही नाही. शिवाय आपलं कुटुंबनियोजन मुख्यतः ऑपरेशनचं आहे. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचं उत्तर स्त्री-नसबंदी हेच आहे, म्हणजे मुलं होऊन गेल्यावरचं उत्तर. पाळणा लांबवायचा असतो सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला, आणि देशात १५ ते १९ वयाच्या विवाहित मुलींपैकी आधुनिक साधन वापरणारी पाचांत एखादीच. या वयाच्या निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयाच्या आहेत. गरोदरपण आणि बाळंतपणातली गुंतागुंत हे जगभरात या वयाच्या मुलींच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. तरीही लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला नाही तर सासरी प्रश्न विचारले जातात, आणि त्या प्रश्नांना तोंड देण्यासाठी लागणारे शब्द आपण तिला दिलेले नसतात.

आता अविवाहित मुलांकडे येतो, कारण विरोधकांच्या नजरेसमोर तीच असतात. लग्नाचं वय पुढे सरकतं आहे, पाळी मात्र बारा-तेराव्या वर्षीच येते. मधली दहा-बारा वर्षं आपण मुलींना शिक्षणासाठी मिळवून दिली, हे आपलं मोठं यश आहे. पण या वर्षांत प्रेम होणार, ओढ वाटणार, त्यातली काही मुलं पुढे जाणार, हे मान्य करायला आपण तयार नाही. ती काय करतात? मित्राला विचारतात, मोबाइलवर बघतात, अश्लील चित्रफितींवरून शरीराबद्दलचे समज बनवतात. औषधाच्या दुकानात २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळणारी तातडीची गोळी त्यांना माहीत असते, पण तिचा नीट उपयोग माहीत नसतो. ही गोळी बहात्तर तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली; ती अंडं बाहेर पडणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही, कुठलाही संसर्ग रोखत नाही, आणि दर वेळी घ्यायची ती नव्हे. ही चार वाक्यं सांगायला दोन मिनिटं लागतात. ती न सांगितल्यामुळे काही मुली पाळी चुकल्यावर ही गोळी घेतात आणि निश्चिंत होतात. पुढचे सहा आठवडे त्या निश्चिंततेत जातात.

यापुढचा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्यानं संमतीचं वय सोळावरून अठरा केलं. मग सोळा वर्षांच्या मुलीला गर्भनिरोधकांबद्दल सांगणं म्हणजे गुन्ह्याला मुभा देणं नव्हे का? नाही. कायदा कृती गुन्हा ठरवतो, माहिती नव्हे. बालकांचं शोषण करणाऱ्याला कठोर शिक्षा हवी, यावर मतभेद असण्याचं कारणच नाही. पण या कायद्याच्या जाळ्यात कोण सापडतं तेही पाहिलं पाहिजे. एनफोल्ड या संस्थेनं आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या विशेष न्यायालयांचे २०१६ ते २०२० या काळातले ७,०६४ निकाल तपासले. त्यांतले १,७१५, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, प्रेमसंबंधांचे होते, आणि त्यांतल्या ९३ टक्क्यांहून अधिक खटल्यांत आरोपी सुटले. शोषण झालेल्या बालकांसाठी असलेली न्यायालयं आणि तपासयंत्रणा पळून गेलेल्या जोडप्यांमागे खर्ची पडते. आणि याच कायद्याचं कलम १९ डॉक्टरलाही पोलिसांत कळवायला लावतं, न कळवल्यास शिक्षा. गर्भपातासाठी अठराखालच्या मुलीला पालकाची लेखी संमती लागते. दोन्ही बाजूंनी अडकलेली मुलगी सरकारी दवाखाना टाळते आणि भोंदूच्या दारात जाते. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हणूनच सांगितलं की मुलगी आणि तिच्या पालकानं विनंती केली तर डॉक्टरनं तिची ओळख कळवण्याची गरज नाही. हा निकाल किती शाळांत, किती दवाखान्यांत माहीत आहे? संमतीचं वय सोळा असावं की अठरा, हा वेगळा वाद आहे. विधी आयोगानं २०२३ साली ते अठराच ठेवायला सांगितलं. तो वाद मी इथे करत नाही. वय कुठलंही ठेवा, नकार कसा द्यावा, कुणाचा स्पर्श चुकीचा, कुणाकडे तक्रार करावी, गर्भ आणि आजार कसे टाळावेत, हे मुलीला आणि मुलालाही कळलंच पाहिजे. अत्याचार ओळखण्यासाठी लागणारी भाषा आणि स्वतःला जपण्यासाठी लागणारी भाषा एकच आहे. एक शिकवायची आणि दुसरी लपवायची, असं करता येत नाही.

‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, हे आईबापांचं काम’ असं शेवटी म्हटलं जातं. आईबापांनी बोलावं, जरूर बोलावं. पण आंतरराष्ट्रीय लोकसंख्या अभ्यास संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत केलेल्या मोठ्या पाहणीत हे शिक्षण कुठूनही मिळालेले तरुण जेमतेम १५ टक्के निघाले, आणि ते मिळायला हवं म्हणणारे दहातले आठ. मुलं मागत होती. आपणच नाही म्हणत होतो. आणि मराठी संस्कृतीचं म्हणाल, तर महर्षी कर्व्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. प्राध्यापकी गेली तरी ते मागे हटले नाहीत. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ साली झालेल्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. खटला ते हरले, पण मराठीत हा विषय स्वच्छ शब्दांत मांडता येतो हे कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. ज्या भाषेत हे घडलं त्या भाषेच्या शाळेत हा विषय परका कसा?

नवी समिती नको, नवा अभ्यासक्रम येईपर्यंत थांबायची गरज नाही. बालभारतीच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग दोनमध्ये ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’ हा धडा आहे. मानवी प्रजननसंस्था, मासिक पाळीचं चक्र, लैंगिक आरोग्य, सिफिलिस आणि गोनोऱ्हिया, सगळं त्यात छापलेलं आहे, आकृत्यांसह. वर्गातली मुलं पंधरा-सोळा वर्षांची असतात. विज्ञानाच्या शिक्षकांनो, हा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडू नका. मुलामुलींना एकत्र बसवून, अवयवांची नावं खणखणीत उच्चारून शिकवा, प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या आणि प्रत्येकाचं खरं उत्तर द्या. मुख्याध्यापकांनो, एखादा पालक तक्रार घेऊन आला तर शिक्षकाच्या पाठीशी उभे राहा. तुमच्या वर्गातली एखादी मुलगी दिवाळीनंतर परत येणार नाही, ती फडावर गेलेली असेल. तिच्यासाठी हा धडा दिवाळीच्या आधी व्हायला हवा.